पट्टीवर किडे: मराठी मजकूर वाइड स्ट्रिंगमध्ये नेताना होणारा घोळ आणि तो शोधायचा क्रम

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या गाळ्यावरून पहाटे साडेपाचला फोन आला की विषय मला उचलण्याआधीच कळतो. "साहेब, पट्टीवर परत किडे आलेत." पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडत्या शेतकऱ्याला देतो तो हिशोबाचा कागद. किडे म्हणजे त्यावर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी उमटलेली भलतीच चिन्हं. शब्द तिथल्या दिवाणजींचा. इतका चपखल आहे की आता मीही तोच वापरतो.

मी विंडोजवर सी प्लस प्लसमध्ये लहान सॉफ्टवेअर लिहितो. काट्यावरून वजन घ्यायचं, यादीतून नाव घ्यायचं, दोन्ही प्रिंटरला द्यायचं, एवढंच काम. पण हा एकच दोष मी गुलटेकडीच्या पट्टीवर, भोसरीतल्या वर्कशॉपच्या लेबलांवर आणि अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानाच्या बिलावर इतक्या वेळा काढलाय की तपासायचा क्रम हाताला बसून गेलाय. तो इथे उतरवतो. फंक्शनांची नावं बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत, एडिटरमध्ये ती रोमनमध्येच टाइप करायची.

आधी किडे मोजा

कोड उघडू नका. आधी यादीत एक नवीन नाव टाका: पुणे. अभिमानाने नाही, सोयीसाठी. हा शब्द युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या मानकाच्या, हिशोबात चार घटकांचा आहे: प, उकार, ण आणि मात्रा. ते आकडे साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला ३ बाइट लागतात, म्हणजे १२. विंडोजच्या वाइड स्ट्रिंगमध्ये (स्ट्रिंग म्हणजे प्रोग्रॅममधला मजकूर), म्हणजे यूटीएफ-१६ मध्ये, प्रत्येकाला २ लागतात, म्हणजे ८. यूटीएफ-८ चे बारा बाइट हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ वापरणाऱ्या सोळाच्या मोजणीत, असे:

ई० ए४ एए – ई० ए५ ८१ – ई० ए४ ए३ – ई० ए५ ८७

हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. मजकूर कुठे मोडला त्यावर किड्यांची संख्या आणि जात ठरते, त्यामुळे मोजलं की अर्धा तपास झालेला असतो.

चार प्रश्नचिन्हं: मजकूर वाइडमध्ये व्यवस्थित पोचला होता, तिथून परत अरुंद, म्हणजे एकेका बाइटाच्या, स्ट्रिंगमध्ये आणताना मेला. ज्या कोड पेजमध्ये, म्हणजे बाइट आणि अक्षरं जुळवणाऱ्या जुन्या तक्त्यात, देवनागरी नाही त्यात कोंबला, म्हणून प्रत्येक घटकाला एक प्रश्नचिन्ह. ही सगळ्यात वाईट बातमी, कारण मूळ अक्षरं आता त्या स्ट्रिंगमध्ये नाहीतच.

बारा चिन्हांची रांग, डोळ्यांना बहुधा अकराच दिसणारी, मधूनमधून ¤ आणि ¥, ण च्या ठिकाणी पौंडाचं £ आणि मात्रेच्या ठिकाणी ‡: यूटीएफ-८ चे बाइट कुणीतरी पाश्चात्त्य कोड पेज १२५२ समजून एकेक करून वाचले. दिसायला भयंकर, पण माल शाबूत असतो. ¤ म्हणजे ए४ आणि ¥ म्हणजे ए५. देवनागरीच्या सगळ्या १२८ जागांचा मधला बाइट या दोनांपैकीच एक असतो, म्हणून ही जोडी दिसली की दुसरा विचार करायचा नाही.

बाराच चिन्हं, पण दर तिसरं चिन्ह ￠ असं रुंद सेंटचं आणि बाकी जपानी-कोरियन वाटणारे बारके तुकडे: खोटं रूपांतर. खाली सविस्तर लिहितो.

पाच-सहा आकृत्या, त्यात एखाद-दुसरं चिनी अक्षर, बाकी चौकोन, आणि साधं इंग्रजी नाव टाकलं तर तेसुद्धा चिनी: पॉइंटरचं जबरदस्तीने केलेलं कास्ट. १२ बाइटांच्या दोन-दोनच्या जोड्या झाल्या.

चांदणी, मग मोठं अंतर, इंग्रजी ए, अंतर, हॅश, अंतर, जी: उलटा प्रकार. वाइड मजकूर साधा म्हणून छापला. पुणेचे वाइड बाइट २ए ०९ ४१ ०९ २३ ०९ ४७ ०९ असे असतात, आणि ०९ म्हणजे टॅब. देवनागरीतल्या प्रत्येक वाइड अक्षरात हा ०९ असतोच, म्हणून टॅबांची रांग लागते.

अधूनमधून एखादंच � असं काळं चिन्ह, बाकी सगळं स्वच्छ: अक्षर मधोमध कापलं गेलंय.

चार रिकामे चौकोन, किंवा अक्षरं बरोबर पण पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं सुटी: रूपांतराचा दोष नाहीच. पहिली तपासणी करा आणि चहा घ्या.

दोन मिनिटांची, फुकटची तपासणी: पडदा बदला

प्रोग्रॅममधला मजकूर कॉपी करून ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत किंवा नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे 'पुणे' नीट दिसलं तर स्ट्रिंग ठणठणीत आहे, फॉन्ट नाही. विंडोजमध्ये मंगल हा फॉन्ट जुना, निर्मला यूआय हा विंडोज ८ पासूनचा. दोन्हींपैकी एक निवडला की काम होतं.

काळ्या कन्सोलवर मात्र कधीच निकाल देऊ नका. जुनी कन्सोल खिडकी देवनागरी नीट जुळवतच नाही. मी एकदा अख्खी दुपार बरोबर चालणारा कोड दुरुस्त करण्यात घालवली आहे, कारण पुरावा म्हणून ती खिडकी बघत होतो. तेव्हापासून तपासायचा मजकूर फाइलमध्ये लिहितो आणि स्ट्रिंगची लांबी बाजूला आकड्यात छापतो. आकडा खोटं बोलत नाही: वाइड पुणेची लांबी चारच यायला हवी.

फाइल कशी साठवली आहे ते पाहा

नोटपॅडमध्ये यादी उघडली की खाली उजव्या कोपऱ्यात एन्कोडिंग लिहिलेलं असतं. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये साठवतं. त्याआधीच्या मशीनवर ते एएनएसआय, म्हणजे मशीनचं जुनं कोड पेज, धरायचं, आणि त्याच्या यादीत नुसतं 'युनिकोड' असं लिहिलेलं असायचं ते खरं तर यूटीएफ-१६. या एका शब्दाने किती लोकांना फसवलंय, विचारू नका. "मी युनिकोडमध्येच सेव्ह केलंय" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी कोपरा बघायचाच.

एक्सेलमधून सीएसव्ही काढताना यादीत एकापेक्षा जास्त सीएसव्ही असतात. 'यूटीएफ-८' लिहिलेलं निवडा. साधं निवडलं तर मराठीची प्रश्नचिन्हं फाइलमध्येच होतात आणि तुमचा कोड बिचारा निष्कारण शिव्या खातो.

इथेच एक गमतीचा किडा राहतो, तो डोळ्यांना दिसत नाही. तक्रार अशी येते: "बाकी सगळे सापडतात, यादीतला पहिलाच शेतकरी सापडत नाही." काही फाइलींच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ असे तीन बाइट असतात, त्यांना बॉम म्हणतात. वाचताना ते गाळले नाहीत तर पहिल्या नावाला एक अदृश्य अक्षर चिकटतं. लांबी छापा, एकने जास्त आली की झालं.

हा मजकूर मुळात युनिकोड आहे का?

पुण्यात हा प्रश्न विचारावाच लागतो. छपाई आणि डीटीपीचा धंदा इथे युनिकोडच्या आधीपासून मराठीत चाललाय. श्रीलिपी इथलीच, सी-डॅकचं आयएसएमही इथलंच, आणि त्या काळच्या फाइली अजून कपाटांत आहेत. त्या फॉन्टांमध्ये पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठवलेले असायचे इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे.

चाचणी सोपी. मजकूर निवडा, फॉन्ट एरियल करा. मराठी तसंच राहिलं तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली तर जुना फॉन्ट, आणि मग वाइडमध्ये नेणारं कुठलंही फंक्शन तुम्हाला वाचवणार नाही. ते इमानदारीने खिचडीचीच वाइड खिचडी करून देईल. त्याला त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो.

इस्की हा याहून वेगळा प्रकार. ते १९९१ चं भारतीय मानक आहे, आणि देवनागरी इस्कीला विंडोजमध्ये ५७००२ हा कोड पेजचा आकडा आहे. तो दिला तर रूपांतर होतं. मात्र खरी इस्की फाइल हल्ली क्वचित हाताला लागते.

कंपायलरला सांगितलंय का?

नावं बरोबर, पण 'हमाली', 'तोलाई', 'एकूण' हे पट्टीवरचे ठरावीक शब्द बिघडलेले, असं असेल तर डेटाकडे बघूच नका. हे शब्द सोर्स कोडमध्ये लिहिलेले आहेत. अवतरणाआधी एल लावलं की स्ट्रिंग वाइड होते हे खरं, पण तुमची सोर्स फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहे ते मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला त्यातून कळत नाही. बॉम नसेल तर तो मशीनचं कोड पेज धरतो. मग एल लावलेल्या 'पुणे'ची वाइड लांबी चारऐवजी बारा येते.

प्रोजेक्टच्या कमांड लाइनमध्ये तिरकी रेघ देऊन यूटीएफ-८ हा पर्याय टाका. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ च्या दुसऱ्या अपडेटपासून तो आहे. त्याहून जुना कंपायलर असेल तर सोर्स फाइल बॉमसकट साठवा.

"माझ्या मशीनवर चालतं"

तुमच्याकडे चालतं, गाळ्यावर चालत नाही. यामागे बहुतेक वेळा कोड पेजच्या जागी लिहिलेला शून्य असतो, म्हणजे सीपी एसीपी: 'या मशीनचं जे काही असेल ते'. आपल्याकडच्या इंग्रजी-भारत सेटिंगच्या मशीनवर ते १२५२ असतं. पण रीजनच्या सेटिंगमध्ये बीटा म्हणून जी यूटीएफ-८ ची चौकट आहे, तिच्यात कुणी टिकमार्क केला असेल तर ते ६५००१ होतं. तुमच्या मशीनवर टिक आहे, त्यांच्या मशीनवर नाही, बस.

गिऱ्हाइकाच्या मशीनवर ती टिक करून मोकळे होऊ नका. त्याच मशीनवर चालणारं एखादं जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर त्याने मोडू शकतं, आणि तो फोनही तुम्हालाच येणार. "सिस्टिम लोकेल मराठी करा" हा सल्लाही कानाआड करा. विंडोजमध्ये मराठीला एएनएसआय कोड पेजच नाही, ती फक्त युनिकोडमधून चालणारी भाषा आहे. कोडमध्ये शून्याऐवजी ६५००१ लिहा, म्हणजे सीपी यूटीएफ-८.

आता खुद्द रूपांतर

मल्टीबाइट-टू-वाइड-कॅर या फंक्शनला सहा गोष्टी लागतात: कोड पेज, फ्लॅग, मूळ मजकूर, त्याची लांबी, कुठे लिहायचं ती जागा, आणि त्या जागेची लांबी. सगळी गंमत दोन लांब्यांमध्ये आहे. पहिली बाइटांत मोजायची, दुसरी वाइड अक्षरांत. एकाच ओळीत दोन मापं. मंडईत एका पारड्यात शेर आणि दुसऱ्यात किलो ठेवल्यासारखं.

फंक्शन दोनदा बोलवा. पहिल्यांदा शेवटची लांबी शून्य द्या, म्हणजे ते किती जागा लागेल एवढंच सांगतं. तेवढी जागा घ्या आणि मग दुसऱ्यांदा खरं रूपांतर करा. अंदाजे जागा घेणारे पुढे अडचणीत येतात. ६४ वाइड अक्षरांच्या बफरसाठी कुणी साइझऑफ, म्हणजे बाइटांतलं माप, लिहिलं तर फंक्शनला १२८ कळतं आणि ते बिनधास्त शेजारच्या मेमरीत लिहीत जातं. लक्षण: प्रोग्रॅम एरवी नीट, लांबलचक नाव आलं की बंद पडतो.

मूळ मजकुराच्या लांबीच्या जागी उणे एक दिलं तर 'नल, म्हणजे मजकूर संपल्याची शून्याची खूण, येईपर्यंत वाच' असा अर्थ होतो, आणि उत्तरात तो नलही मोजलेला असतो. पुणेला चार नाही, पाच येतात. ती पाच लांबीची स्ट्रिंग तशीच ठेवली की दोन दुखणी सुरू होतात. दोन सारखी नावं सारखी ठरत नाहीत, आणि नावाला पुढे 'यांस' जोडलं की छापताना ते गायब होतं, कारण मध्ये नल बसलाय. म्हणून शेवटचं एक कापा. याउलट लांबी स्वतः मोजून दिलीत तर फंक्शन नल लावत नाही, तो तुम्ही लावायचा. मी कायम लांबी मोजून देतो आणि उत्तर सी प्लस प्लसच्या डब्ल्यूस्ट्रिंगमध्ये घेतो, तिथे ही कटकट राहत नाही.

फ्लॅगच्या जागी एमबी एरर इनव्हॅलिड कॅर्स द्या. नाही दिला तर बिघडलेल्या बाइटांच्या जागी फंक्शन गपचूप � टाकून पुढे जातं आणि तुम्हाला वाटतं सगळं छान झालं. दिला तर शून्य परत येतं आणि गेट-लास्ट-एरर विचारल्यावर १११३ मिळतं, म्हणजे हा मजकूर यूटीएफ-८ नव्हताच. १२२ आलं तर जागा कमी पडली. १००४ आलं तर फ्लॅग चुकीचा. जुन्या कोडमधून एमबी प्रीकंपोज्ड उचलून आणणाऱ्यांना हा नेमका भेटतो, कारण यूटीएफ-८ सोबत तो चालत नाही. परत आलेला आकडा न बघता पुढे जाणारा कोड दिसला की मी आधी तेवढंच दुरुस्त करतो, आणि निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

एमबीएस-टू-डब्ल्यूसीएस हे दुसरं, सगळीकडे मिळणारं फंक्शन. ते लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, बघतं, आणि सेटलोकेल केलं नाही तर प्रोग्रॅम 'सी' नावाच्या लोकेलमध्ये असतो, त्याला मराठी माहीत नाही. लिनक्सवर तिथे सहसा उणे एक परत येतं. शिवाय वाइड अक्षर विंडोजवर २ बाइटांचं आणि लिनक्सवर ४ बाइटांचं. लिनक्सवर थेट मेमरीतून फाइलमध्ये ओतलेली वाइड स्ट्रिंग विंडोजवर वाचली की पहिल्या अक्षरानंतर मजकूर संपतो. फाइलमध्ये आणि नेटवर्कवर नेहमी यूटीएफ-८ ठेवा, वाइड फक्त प्रोग्रॅमच्या आत.

खोटी रूपांतरं

दोन आहेत, दोन्ही बिनतक्रार कंपाइल होतात.

पहिलं पॉइंटर कास्ट. कंपायलर 'प्रकार जुळत नाही' म्हणतो, म्हणून माणूस कंसात वाइड पॉइंटर लिहून त्याचं तोंड बंद करतो. बाइट तेच राहतात, फक्त दोन-दोनच्या जोडीने वाचले जातात. वरची चिनी अक्षरं इथून येतात. कंपायलर ओरडत होता तेव्हा बरोबर ओरडत होता.

दुसरं जास्त फसवं. साध्या स्ट्रिंगचा बिगिन आणि एंड देऊन वाइड स्ट्रिंग बनवायची. इंग्रजीवर हे बरोबर चालतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. 'रमेश' इंग्रजीत टाइप होत होता तोवर सगळं छान, मालकांनी हौसेने मराठी सुरू केलं आणि किडे आले. यात प्रत्येक बाइट आपापला वाइड होतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला साधा कॅर, म्हणजे एका बाइटाचं अक्षर, ऋण आकडेही धरणारा असतो, म्हणून ई० चा एफएफई० होतो, आणि युनिकोडमध्ये त्या जागी रुंद सेंटचं चिन्ह ￠ आहे. प्रत्येक मराठी घटकाची सुरुवात ई० ने होते, म्हणून पुणेमध्ये ते चार वेळा दिसतं.

मायक्रोसॉफ्टची सीए-टू-डब्ल्यू ही रूपांतर करणारी तयार वस्तू वापरत असाल तर दोन गोष्टी बघा: त्याला कोड पेज म्हणून यूटीएफ-८ दिलंय का, आणि त्याच्यातून निघालेला पॉइंटर पुढच्या ओळीत जपून ठेवलाय का. ती वस्तू ओळ संपताच मरते, पॉइंटर अनाथ होतो.

मधोमध कापलेलं अक्षर

ही एक तपासणी मी आधी कधी करायचो नाही. यार्डातल्या एका आडत्याकडे रोज एकाच शेतकऱ्याच्या नावात � यायचं. नाव खोडून परत टाकलं तरी यायचंच. दिवाणजी म्हणाले, "अहो, त्यांचं नावच असं आहे का काय!" मग एक दिवस यादीत वर एक नवीन नाव वाढलं, आणि किडा त्या शेतकऱ्याला सोडून दुसऱ्याच्या नावात गेला.

तिथे डोक्यात प्रकाश पडला. कोड फाइल ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत वाचत होता आणि प्रत्येक तुकडा वेगळा वाइड करत होता. ४०९६ ला तीनने भाग जात नाही, एक उरतो. तुकड्याची कड एखाद्या अक्षराच्या तीन बाइटांमध्ये पडली की अक्षराचं डोकं एका तुकड्यात आणि धड दुसऱ्यात. वर नाव वाढलं की कड सरकते. उपाय साधा: सगळे बाइट गोळा करा आणि शेवटी एकदाच रूपांतर करा. फाइल फार मोठी असेल तर शेवटचं अपुरं अक्षर पुढच्या तुकड्याला जोडा.

हाच प्रकार ठरावीक रुंदीच्या रकान्यात होतो. लेबलवर २० बाइटांची जागा, आणि गाव 'शिवाजीनगर', ज्याला २७ लागतात. १८ बाइटांत 'शिवाजी' बसतं, उरलेल्या दोन बाइटांत अर्धामुर्धा न. छापून येतं 'शिवाजी�'. इंग्रजीत वीस अक्षरं मावत होती, म्हणून रकाना आखणाऱ्याला शंकाही आली नाही.

बाहेर पडताना

वाइडपर्यंत सगळं बरोबर, पण छापताना किडे. तीन जागा बघा.

डब्ल्यूकाउटला, म्हणजे वाइड मजकूर छापणाऱ्या सोयीला, न झेपणारं अक्षर आलं की ते अपयशाची खूण लावून गप्प बसतं, आणि त्यानंतरचं इंग्रजीसुद्धा छापत नाही. 'प्रोग्रॅम मधेच थांबला' असं वाटतं, थांबलेला नसतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना एनव्हारकॅर, म्हणजे युनिकोड ठेवणारा, असला तरी मजकुराच्या अवतरणाआधी एन लावलं नाही तर सहसा प्रश्नचिन्हंच साठतात. अवतरणं जुळवत बसण्यापेक्षा पॅरामीटर वापरा.

वाइड-कॅर-टू-मल्टीबाइट वापरून परत येताना शेवटचा पॅरामीटर 'पर्यायी अक्षर वापरलं का' हे सांगतो. जुन्या कोड पेजमध्ये जात असाल तर तो जरूर घ्या, खरं आलं तर नुकसान झालंय. यूटीएफ-८ मध्ये जाताना मात्र तिथे नल (इथे रिकामा पॉइंटर) द्या, नाहीतर ८७ ही चूक येते.

पावती छापणाऱ्या बऱ्याच थर्मल प्रिंटरांत देवनागरी नसतेच. त्यांना बाइट कसेही पाठवा, मराठी येणार नाही. ओळ चित्र म्हणून काढून पाठवावी लागते.

दिसायला एक, आतून दोन

किडे नाहीत, तरी गावनिहाय अहवालात 'नऱ्हे' दोनदा. एकाने ऱ हे अक्षर घेऊन हलंत लावून ह जोडला. दुसऱ्याच्या कीबोर्डने साधा र, हलंत आणि मग एक अदृश्य जोडणी, झेडडब्ल्यूजे, टाकली. पडद्यावर अर्धा ऱ दोन्हीकडे तसाच. र खाली नुक्ता देऊन ऱ केला असेल तर नॉर्मलाइझ-स्ट्रिंग ते एक करतं. झेडडब्ल्यूजेचं मात्र करत नाही, त्याला स्वतःचा नियम लिहावा लागतो. 'ॲ'चीही हीच रड: एक अक्षर म्हणून वेगळा, अ वर चंद्र दिलेला वेगळा. शोधण्यासाठी एक वेगळा, धुऊन घेतलेला रकाना ठेवा आणि मूळ नावाला हात लावू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डेटाबेसमध्ये आधीच चार प्रश्नचिन्हं साठली असतील तर कोडने काही परत येणार नाही. बॅकअप शोधा, आणि तो बॅकअप डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाकडून उघडून घ्या. चालू डेटाबेसवर प्रयोग करायला गेलात तर उरलेलंही जाईल.

बारा किड्यांचा मजकूर साठला असेल तर तो उलटा फिरवता येतो: १२५२ मध्ये बाइट करा, ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचा. पण प्रतीवरच करा, आणि आधी हे तपासा. १२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. विंडोज स्वतः ते बाइट सांभाळून नेतं, पण काही साधनं टाकून देतात. आणि आपल्याकडे त्या बाइटांवर संपतात उकार, हलंत, ए, ऐ आणि झ. हलंत गेला की जोडाक्षरं सगळी फुटली. पुणेमधला उकारही त्यातलाच, म्हणून परीक्षेला हा शब्द. शिवाय ठ चा शेवटचा बाइट ए०, म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, आणि काही भाषांमधली ट्रिम तो शेवटून छाटते. 'सदाशिव पेठ' असे पत्ते ठ गमावून बसतात. अशी गळती दिसली, किंवा एकाच रकान्यात काही नावं चांगली, काही एकदा बिघडलेली आणि काही दोनदा बिघडलेली असतील, तर हे एका संध्याकाळचं काम नाही. सोडून द्या.

जुन्या फॉन्टमधला मोठा साठा असेल तर फॉन्ट रूपांतराचं काम रोज करणाऱ्याला द्या. स्वतः तक्ता बनवायला बसलात तर रफार आणि वेलांटीची जागा बदलण्यातच महिना जाईल. आणि बिघाड ज्याचा सोर्स तुमच्याकडे नाही अशा तयार डीएलएलच्या आत असेल तर बाहेरून ठिगळ लावू नका, तो ज्याचा आहे त्याला कळवा.

कळवताना 'मराठी दिसत नाही' एवढंच लिहू नका. 'पुणे' छापलेल्या कागदाचा फोटो, मूळ फाइलमधले त्या शब्दाचे बाइट हेक्समध्ये, वाइड स्ट्रिंगची लांबी, विंडोजची आवृत्ती आणि ती बीटाची टिक आहे की नाही, एवढं पाठवा. आणि फोटो पाठवण्याआधी किडे मोजा.